म्हाताऱ्या चेहऱ्याचं तैलचित्र

लंडनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्रांटने 1661 च्या सुमारास रंगवलेलं एका वृद्ध व्यापाऱ्याचं तैलचित्र आहे. त्याचं नाव जेकब ट्रिप. हॉलंडमधल्या डॉर्डरेख्ट गावचा हा बडा असामी. लोखंड आणि शस्त्रास्त्रं यांच्या व्यापारात त्याच्या घराण्याने अमाप पैसा केला होता. चित्र झालं तेव्हा तो पंचाऐंशीच्या घरात होता आणि 1661 मध्येच तो वारला. त्याच्या जोडीचं दुसरं चित्र त्याच्या पत्नीचं, मार्गारेटा द गेअरचं. ती गळ्याभोवती पांढरीशुभ्र, चाकासारखी गोल, तेव्हाही जुनाट झालेली कॉलर घालून खुर्चीत ताठ बसली आहे.

ट्रिपच्या चित्रात श्रीमंतीची खूण शोधायला गेलं तर फारसं काही सापडत नाही. अंगावरचा झगा तपकिरी काळोखात बुडालेला आहे. हात चार-दोन रुंद फटकाऱ्यांत उरकल्यासारखे वाटतात. सगळा प्रकाश चेहऱ्यावर आहे आणि तो चेहरा वयाने पोखरलेला आहे. कपाळाची कातडी हाडाला चिकटली आहे, गाल आत गेलेत, डोळ्यांखाली सैल घड्या आहेत. तरीही पाहणाऱ्याला दया येत नाही. आयुष्यभर हुकूम सोडण्याची सवय असलेला माणूस समोर बसला आहे, एवढं मात्र लगेच कळतं.

वृद्धाचं वास्तववादी तैलचित्र म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो सुरकुत्यांचा. किती बारीक रंगवल्यात, अगदी खऱ्या वाटतात, अशी दाद दिली जाते. ही दाद चुकीच्या जागी जाते असं मला वाटतं. सुरकुती रंगवणं हे या कामातलं सर्वांत सोपं अंग आहे. कोणती सुरकुती सोडून द्यायची, कुठे रंग जाड चढवायचा आणि कुठे खालचं अस्तर तसंच उघडं ठेवायचं, हे ठरवण्यात चित्रकाराची खरी कसोटी लागते. ट्रिपच्या बाबतीत हे पडताळून पाहायची सोय आहे, कारण हाच माणूस निकोलास मास या चित्रकारानेही जवळपास त्याच काळात, एकापेक्षा जास्त वेळा रंगवला. मास हा डॉर्डरेख्टचाच आणि तरुणपणी रेम्ब्रांटच्या हाताखाली शिकलेला. त्याने रंगवलेला ट्रिप हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. गुरू-शिष्यांची ही तुलना पुढे करू. त्याआधी तेलरंग आणि म्हातारी कातडी यांचं इतकं का जमतं, ते समजून घ्यायला हवं.

तेलरंगाचा शोध पंधराव्या शतकात यान व्हान आयक या चित्रकाराने लावला, असं जुनी पुस्तकं सांगत. ते खरं नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांमध्ये सातव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या काहींमध्ये सुकणाऱ्या वनस्पती तेलांत कालवलेले रंग असल्याचं 2008 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. व्हान आयकने हे माध्यम अशा पराकोटीला नेलं की शोधाचं श्रेय त्याच्या नावावर चढलं, एवढंच.

रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटली की तेलरंग होतो. जलरंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. जवसाच्या तेलातून असं काही उडत नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि हळूहळू एक घट्ट पापुद्रा तयार होतो. या प्रक्रियेत रंगाच्या थराचं वजन सुरुवातीला थोडं वाढतं. वरचा थर हाताला कोरडा लागायलाच काही दिवस जातात. जाड थर आतून पक्का व्हायला तर वर्षं लागतात. याचा फायदा असा की गालावर लावलेली छटा दुसऱ्या दिवशीही ओली असू शकते, तिच्यात शेजारची छटा मिसळता येते, नको असेल तर पुसून काढता येते. म्हाताऱ्या चेहऱ्यात एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारे संक्रमणाचे पट्टे फार असतात. घाईने वाळणारं माध्यम तिथे अडवतं.

दुसरं कारण प्रकाशाचं. माणसाची कातडी भिंतीसारखी अपारदर्शक नसते. प्रकाशाचा काही भाग वरच्यावर परततो आणि बराचसा आत शिरतो, तिथे विखुरतो, रक्ताचा लालसरपणा घेऊन पुन्हा बाहेर येतो. म्हणून जिवंत कातडीला आतून उजळल्यासारखी छटा असते. वय वाढतं तशी त्वचा पातळ होते, तिच्यातलं कोलाजेन कमी होतं, खालची चरबी झिजते. मग कानशिलावरची शीर, गालाच्या हाडाची कडा, डोळ्याच्या खोबणीचा काठ असं सगळं आतलं बाहेरून जाणवू लागतं. तेलरंगाचे थरही असेच वागतात. काही रंग तेलात पूर्ण झाकणारे होतात, काही काचेसारखे पारदर्शक राहतात. पारदर्शक थर खालच्या थरावर दिला की प्रकाश दोन्हींतून जाऊन परततो. कातडीत जे घडतं, त्याची छोटी नक्कल कॅनव्हासवर घडते.

यातली एक युक्ती मला विशेष आवडते. दुधात बरंच पाणी घालून ते काळ्या भांड्यात ओतलं की निळसर दिसतं. निळा रंग त्यात कुठेच नसतो. बारीक कणांवरून प्रकाश विखुरताना निळ्या बाजूचा प्रकाश जास्त विखुरतो, आणि मागे गडद पार्श्वभूमी असली की तो नजरेला जाणवतो. जुने चित्रकार तपकिरी अस्तरावर पांढरट रंगाचा अगदी पातळ हात ओढत आणि तेवढ्या जागी थंड, निळसर करडी छटा उमटे. वृद्धाच्या कानशिलावर, डोळ्यांभोवती, जबड्याच्या सावलीच्या काठावर नेमकी हीच छटा असते. पॅलेटवरचा निळा रंग घेऊन शिरा ओढल्या तर त्या कातडीच्या वर ठेवल्यासारख्या दिसतात. थरांतून आलेली निळाई मात्र कातडीच्या आत राहते.

रेम्ब्रांटचं पॅलेट तसं गरीबच होतं. शिशापासून केलेला सफेदा, पिवळी माती, गेरू, तपकिरी माती, हाडं जाळून केलेला काळा आणि काही लाल रंग. एवढ्यात त्याने माणसाचं सगळं वय बसवलं. त्यातला सफेदा हा खरा नायक. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवायचे, भोवती घोड्याची लीद रचायची, तिच्या उबेने आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूने शिशावर पांढरी पुटं धरायची, ती खरवडून घ्यायची, अशी तो बनवण्याची डच पद्धत. विषारी धंदा होता. पण शिसं तेलाला लवकर सुकवतं आणि हा सफेदा तेलात घोटला की ताठ उभा राहणारा जाड लगदा होतो. कपाळाच्या उजेडावर, नाकाच्या शेंड्यावर, पापणीच्या कडेवर रेम्ब्रांटने हा लगदा अक्षरशः थापला आहे. तो वाळल्यावरचे उंचवटे खोलीतला खरा प्रकाश पकडतात. त्यामुळे चित्रातल्या कपाळावर रंगवलेला उजेड आणि बाहेरचा उजेड एकाच जागी पडतो.

हा लगदा इतका ताठ कसा राही, हे बरीच वर्षं कोडं होतं. 2019 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याच्या तीन चित्रांतले मोहरीच्या दाण्याहूनही लहान नमुने तीव्र क्ष-किरणांखाली तपासले. पॅरिसमधलं ‘बाथशीबा’ हे त्यांपैकी एक. जाड थरांत त्यांना प्लंबोनॅक्राइट नावाचं शिशाचं एक दुर्मीळ संयुग सापडलं. ते तयार व्हायला अल्कधर्मी वातावरण लागतं. म्हणजे रेम्ब्रांट तेलात शिशाचं ऑक्साइड घालून मुद्दाम वेगळं मिश्रण करत असावा, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्या उत्तरायुष्यातल्या अनेक कॅनव्हासच्या अस्तरात कुटलेली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मिसळलेली असल्याचंही आधीच्या तपासण्यांत दिसलं होतं. तपकिरी, खरबरीत, स्वस्त असं ते अस्तर चेहऱ्याच्या सावल्यांत तो तसंच उघडं ठेवी.

आता पुन्हा मास आणि त्याच्या गुरूकडे वळू. मासचा ट्रिप बघताना चित्रकाराचा हात गुळगुळीत आहे, हे प्रथम जाणवतं. चेहरा सारख्या काळजीने पूर्ण केला आहे. वय आहे, पण ते नीटनेटकं केलं आहे. ट्रिपच्या घरच्यांना हे चित्र नक्कीच आवडलं असेल, आणि ते चांगलं चित्र आहे यात शंका नाही. पुढे मास आणखी मऊ, झुळझुळीत शैलीकडे गेला आणि गिऱ्हाइकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

रेम्ब्रांट तेव्हा 55 वर्षांचा होता. 1656 मध्ये त्याचं दिवाळं निघालं होतं, घर विकलं गेलं होतं, कलासंग्रह लिलावात गेला होता. फॅशन त्याच्यापासून दूर चालली होती. तरी ट्रिप घराण्याने त्याला बोलावलं आणि त्याने आपलं तेच खडबडीत काम केलं. त्याच्या ट्रिपच्या गालाकडे जवळून पाहिलं तर सुरकुती अशी वस्तू सापडत नाही. सापडतात ते वेगवेगळ्या दिशांना वळलेले रंगाचे छोटे पृष्ठभाग. इथे शिकाऊ हाताची सर्वांत मोठी चूक दिसून येते. तो सुरकुतीला रेघ समजतो. खरं तर ती घडी असते. तिच्या वरच्या उतारावर उजेड पडतो, खालचा उतार सावलीत जातो आणि खोबणीच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या कातडीवरून प्रकाश परतत असल्यामुळे, बऱ्याचदा काळ्याऐवजी ऊबदार लालसर रंग असतो. रेघा मारल्या की चेहरा तडे गेलेल्या भिंतीसारखा होतो. घड्यांच्या बाजू रंगवल्या तर कातडी वळते, आणि कातडी वळली की आतलं हाड जाणवतं.

डोळ्यांकडेही असंच बघायला हवं. वृद्धाच्या बुबुळाच्या कडेला अनेकदा राखाडी कडं येतं, पांढरा भाग पिवळसर होतो, खालची पापणी सैल होऊन तिची ओली लाल किनार दिसू लागते. त्या ओलाव्यावर उजेडाचा एक बारीक ठिपका असतो. तो जागेवर बसला की माणूस बघतो आहे असं वाटतं. तो जरा चुकला तर नजर मरते. रेम्ब्रांट नेमका इथे सर्वांत कमी बोलतो. ट्रिपचे डोळे सावलीत खोल आहेत, आणि पाहणाऱ्याला आपलं काम स्वतः करावं लागतं.

अर्नोल्ड हाउब्राकेन या डच चरित्रकाराने 1718 मध्ये दोन किस्से नोंदवले आहेत. एक असा की रेम्ब्रांटच्या एका चित्रावर रंग इतका जाड होता म्हणे, की चित्र नाकाला धरून उचलता आलं असतं. दुसरा असा की लोक चित्राजवळ डोळे नेऊ लागले की रंगांच्या वासाने त्रास होईल असं सांगून तो त्यांना मागे खेची. रचलेले असतील, पण त्यांतला मुद्दा पक्का आहे. ही चित्रं काही पावलं मागे उभं राहून जुळवायची असतात. जवळ गेल्यावर रंग, मागे गेल्यावर माणूस.

दुसरा टोकाचा मार्गही मोठ्या चित्रकाराने काढून दाखवला आहे, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. व्हान आयकने 1436 मध्ये पूर्ण केलेल्या ब्रूझमधल्या चित्रात मेरी आणि बालयेशूसमोर योरिस व्हान डर पेले हा वृद्ध धर्माधिकारी गुडघे टेकून बसला आहे. हातात चष्मा. त्याच्या चेहऱ्यावरची एकही घडी, एकही चामखीळ चित्रकाराने गाळलेली नाही. कानशिलावरची फुगलेली रक्तवाहिनी इतकी अचूक आहे की विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी चित्रावरूनच धमनीच्या दाहाच्या आजाराचं निदान सुचवलं. लाकडी फळी, गुळगुळीत पांढरं अस्तर, पारदर्शक थरांवर थर. रेम्ब्रांटच्या नेमकी उलट रीत. मला विचाराल तर मी थक्क होतो व्हान आयकपुढे, पण पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ट्रिपकडे.

रेम्ब्रांटच्या नावावर म्हाताऱ्यांची आणखीही असंख्य चित्रं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. त्यामागे बाजारातला एक प्रकार होता. पैसे देऊन काढून घेतलेलं व्यक्तिचित्र वेगळं आणि कुणा तरी म्हाताऱ्याला बसवून, डोक्याला फेटा किंवा टोपी घालून रंगवलेला नुसता चेहरा वेगळा. असे चेहरे डच बाजारात तयार माल म्हणून विकले जात. तिथे गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळायची नसे, त्यामुळे चित्रकार हवे ते प्रयोग करी. लायडनमधल्या तरुणपणी रेम्ब्रांटने अशा चेहऱ्यांवर हात घोटला होता, म्हणून पन्नाशीनंतर ट्रिपसमोर तो इतका निर्धास्त उभा राहू शकला.

आपल्या कलाशाळांतली ‘हेड स्टडी’ ही याच परंपरेतली. 1857 मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग पुढे जिवंत मॉडेल, असा तो क्रम. पेस्तनजी बोमनजी हे तिथलेच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या ग्रिफिथ्सच्या चमूत ते होते, आणि व्हॅलेंटाइन प्रिन्सेप हा इंग्रज चित्रकार भारतात आला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी तैलव्यक्तिचित्रणाचे धडे घेतले. पुढे त्यांनी पारशी घरांतली माणसं ज्या जिव्हाळ्याने रंगवली, ती मुंबईच्या वास्तववादाची मोठी कमाई आहे. गोव्यात सांगे इथे 1870 मध्ये जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकवलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांना तर ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. काळोखातून चेहरा वर काढण्याची त्यांची हातोटी पाहिली की हे बिरुद का मिळालं ते समजतं.

या चित्रकारांना एक प्रश्न स्वतःच सोडवावा लागला, त्याची दखल फार कमी घेतली जाते. युरोपीय पुस्तकांतली कातडीच्या रंगांची सूत्रं गोऱ्या कातडीची होती. सावळ्या कातडीत वरच्या थरातलं मेलॅनिन बराच प्रकाश शोषतं, म्हणून आतून येणारी लाली दबते. वरच्यावर चमकणारा प्रकाश मात्र दोन्हीकडे सारखाच असतो, आणि गडद रंगावर तो जास्त उठून दिसतो. सावळ्या वृद्धाच्या कपाळावर, गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड पडला तर तो जवळजवळ निळसर पांढरा असतो आणि शेजारचीच सावली भाजलेल्या मातीसारखी ऊबदार. गोऱ्या कातडीच्या मिश्रणात नुसता काळा घालून हे साधत नाही, चेहरा राखेसारखा होतो. पेस्तनजी, त्रिंदाद आणि त्यांच्या पिढीने ही रंगसंगती मॉडेलसमोर बसून शोधली. आजही मुंबईत व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं गर्दी खेचतात. वासुदेव कामत यांना 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं सर्वोच्च ड्रेपर पारितोषिक मिळालं, ते याच मुशीतून घडलेल्या हाताला.

ट्रिपच्या मुलांनी, लुई आणि हेंड्रिक यांनी, 1660 ते 1662 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये भव्य वाडा बांधला. धंद्याची खूण म्हणून त्याची धुराडी तोफांच्या आकाराची केली. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सचं राष्ट्रीय संग्रहालय बरीच वर्षं याच वाड्यात होतं, आणि रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ तिथल्या भिंतीवर टांगलेलं होतं. ज्या चित्रकाराचं दिवाळं निघालं होतं, त्याचं काम पाहायला लोक तोफांच्या व्यापाऱ्यांच्या घरी जात होते.

चित्रंही म्हातारी होतात. जवसाचं तेल पिवळं पडतं आणि वर्षं जातात तसं अधिक पारदर्शक होतं, त्यामुळे चित्रकाराने रंगाखाली झाकलेल्या दुरुस्त्या वर दिसू लागतात. वरचं वार्निश तपकिरी होतं. कॅनव्हास पावसाळ्यात सैलावतो, उन्हाळ्यात ताणतो. रंगाचा पापुद्रा मात्र वयाबरोबर ताठ झालेला असतो, त्याला ती हालचाल सोसत नाही आणि बारीक तडे जातात.

हे लंडन-ॲम्स्टरडॅमपुरतं नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या वाचनालयांत, शाळांच्या सभागृहांत, धर्मादाय संस्थांच्या कचेऱ्यांत पागोटं किंवा पारशी पगडी घातलेल्या वृद्ध देणगीदारांची तैलचित्रं आजही टांगलेली आहेत. त्यांतली काही फार चांगल्या हातांनी रंगवलेली आहेत. त्यांच्याखाली उदबत्ती जळते, फ्रेमवर हार चढतो, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीची बुरशी मागून कॅनव्हासला लागते. वर्धापनदिन आला की कुणीतरी ओल्या फडक्याने चेहरा पुसतो, किंवा पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून वार्निशचा हात फिरवून घेतो. सद्भावनेने केलेल्या या एका कामात शंभर वर्षांचं चित्र कायमचं बिघडू शकतं.

अशा एखाद्या संस्थेशी आपला संबंध असेल तर थोडं करता येईल. चित्र आणि भिंत यांच्यात हवा खेळेल एवढी जागा ठेवा. थेट ऊन, उदबत्तीचा धूर आणि ओल यांपासून ते हलवा. पाणी, तेल, वार्निश यांतलं काहीही लावू देऊ नका. पुढून आणि मागून छायाचित्रं काढा, कॅनव्हासच्या मागे सही किंवा तारीख आहे का पाहा, आणि चित्रातल्या माणसाचं नाव माहीत असलेला कुणी अजून हयात असेल तर ते आजच लिहून घ्या. दुरुस्तीची वेळ आलीच तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतन केंद्र आहे. चित्राला हात लावण्याआधी तिथल्या किंवा तशाच प्रशिक्षित माणसाचा सल्ला घ्या.